घोडीखालची कागदाची पट्टी

मिरजेत तंतुवाद्यांच्या कामाला लागून मला अकरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यातला एक दिवस मात्र तासातासाने आठवतो.

एका गायिका बाईंनी तानपुऱ्यांची जोडी सांगितली होती, काळी ४ च्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, स्वराची. सुटा तानपुरा करणं वेगळं, जोडी करणं वेगळं. जोडीतले दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळायला हवेत, की गाणाऱ्याला आपल्यामागे एकच वाद्य वाजतंय असं वाटावं. म्हणून मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या चाचांनी दोन्ही दांड्या आणि तबल्या, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणं, तुनीच्या एकाच ओंडक्यातून काढल्या. भोपळेही एकाच वेळी निवडले. आमच्याकडे हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. कडू जात, भाजीची नव्हे. चाचा भोपळ्यावर टिचकी मारून कानाशी धरतात. नुसता घेर सारखा असून भागत नाही, सालीची जाडीही जुळावी लागते.

चाचांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना पाणी द्यायचे. शस्त्रांचा धंदा बसला तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सतार-तानपुरे करायला घेतले, आणि मिरजेच्या एका गल्लीत हा व्यवसाय रुजला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी चाचांनी गल्लीभर पेढे वाटले.

तर जोडी तयार झाली. चपड्याचं पॉलिश चढलं, खुंट्या बसल्या, तारा चढल्या. उरली होती जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज उघडायचं काम. पहिल्याची चाचांनी आदल्या दिवशी काढली होती. दुसरा तानपुरा त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आज तू काढ. बाई संध्याकाळी येणार, रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईला जाणार."

एवढ्या मोठ्या कामाची जवारी मी एकट्याने कधी काढली नव्हती.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्याला जेमतेम कळेल असा उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावरच लिहिलं होतं: तार जिथे छेडली, तिथे स्थिर बिंदू असलेले स्वर नियमाने उमटायला नकोत, तरी तानपुऱ्यात ते ऐकू येतात. आम्ही हे कानसेने करतो. दोन हात कानस, एक हात पॉलिश पेपर, मग तार सोडून ऐकायचं. शेवटी तारेखाली सुती धागा घालून मागेपुढे सरकवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो.

पंचमाची तार उघडली. मधल्या जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन्ही तारा उघडल्या. खरजाची, म्हणजे खालच्या षड्जाची, पितळी तार मात्र ठप्प. धागा कुठेही ठेवा, दोन क्षण घुमून विझायची. मी उतार वाढवला. मग वाटलं जास्त झाला, म्हणून माथा परत खाली आणला. सकाळी नऊला बसलो होतो, दुपारचे दोन वाजले. मांडीवर शिसवीचा काळा भुसा साचला होता. खरज सुधारला नाहीच, वर चांगल्या लागलेल्या तीन ताराही बिघडल्या.

चाचा नमाज पढून आले. त्यांनी घोडीकडे पाहिलंच नाही. खरज छेडला आणि तबलीवर पंजा टेकवून बसून राहिले. मग म्हणाले, "कानस ठेव. पेपर आण."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची बोटभर पट्टी फाडली आणि घोडीच्या पायांखाली सारली. पंचमाच्या बाजूला पट्टी अडली. खरजाच्या बाजूला सरळ आत गेली.

तो पाय तबलीला टेकतच नव्हता! आठ दिवस झड लागली होती, ओल धरून तबलीचा फुगवटा जराजरासा बदलला होता, आणि मी पाच तास माथा घासत होतो. तारेची थरथर लाकडात उतरायला वाटच नव्हती.

घोडीखाली कार्बन पेपर ठेवून दाबली. टेकलेल्या जागा काळ्या होतात, तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा दाबायचं. सात-आठ वेळा केलं तेव्हा सगळ्या पायांवर काळं आलं. मग माथा पहिल्यापासून. या वेळी चाचा शेजारी बसले, पण कानस माझ्याच हातात ठेवली.

साडेसहाला बाई आल्या. कोपऱ्यात एक तानपुरा मी धरला, एक चाचांनी. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. जुळलेल्या खरजातून गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडत नाही, त्याला स्वयंभू म्हणतात. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग बाहेर पावसाचा जोर कमी झाला आणि तो आला, दोन्ही तानपुऱ्यांच्या मधल्या जागेतून. बाईंनी त्याच गंधारावर हलकेच आकार लावला आणि बराच वेळ तिथेच थांबल्या.

"कुणी काढली जवारी?" त्यांनी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. दुपारची पट्टी माझ्या खिशात होती. तानपुरे गवसणीत घालण्याआधी मी ती काढली, दोन्ही घोड्यांच्या एकेका पायाखाली घालून पाहिली. कुठेच शिरली नाही.