म्युनिकमध्ये टोलरच्या मागावर

म्युनिकला लोक बिअर नाहीतर फुटबॉलसाठी जातात, मी गेले होते एर्न्स्ट टोलरच्या खाणाखुणा बघायला. नाटककार माणूस, आणि ऐन पंचविशीत सहा दिवस का होईना बव्हेरियाच्या राज्याचा प्रमुख!

सुरुवात प्रोमेनाडेप्लात्सला लागून असलेल्या रस्त्यावर केली. पोलीस खडूने काढतात तशी, पडलेल्या माणसाची बाह्यरेषा फुटपाथमध्ये धातूत बसवलीये आणि लोक खुशाल त्यावरून ट्रॉली बॅगा ओढत जातायत. २१ फेब्रुवारी १९१९ ला इथं कुर्ट आयस्नरला गोळ्या घातल्या. हाही मूळचा नाट्यसमीक्षक, नोव्हेंबर १९१८ मध्ये राजाला पळवून लावून बव्हेरियाचा पंतप्रधान झालेला, पण नंतर निवडणुकीत साफ आपटला होता आणि त्या सकाळी राजीनामा द्यायलाच निघाला होता, भाषण खिशात होतं. मारेकऱ्याने तासभर दम धरला असता तर काम आपोआप झालं असतं.

टोलर त्याच्याच स्वतंत्र समाजवादी पक्षातला. पोझन प्रांतातल्या ज्यू व्यापाऱ्याचा मुलगा, पहिल्या महायुद्धात हौसेने भरती झाला, आघाडीवर वर्षभर काढल्यावर पार कोलमडला आणि तिथून कट्टर युद्धविरोधी. एप्रिल १९१९ मध्ये बव्हेरियात सोविएत प्रजासत्ताक, म्हणजे कामगार-सैनिकांच्या मंडळांचं राज्य, जाहीर झालं आणि लगेचच तो त्याचा अध्यक्ष झाला. त्याच्या परराष्ट्रमंत्र्याने मॉस्कोला तार काय केली, तर आयस्नरनंतर आलेले आणि आता पळून गेलेले पंतप्रधान होफमान जाताना संडासाची किल्ली घेऊन गेले! आता बोला. माझं तर स्पष्ट मत आहे की ही मंडळी कारभाराला अगदीच कच्ची होती. ज्या राजवाड्यात हे सगळं चाललं तो आता नाहीये, तिथं बँकेची बिल्डिंग आहे, आणि मधल्या काळात तिथंच गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, बसत होते म्हणे, जागेचं नशीबच तसं.

पुढे कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि या युद्धविरोधी माणसाला सेनापती करून म्युनिकजवळच्या डाखाऊला सरकारी फौजांशी लढायला धाडलं. तिथं तो चक्क जिंकला, आणि पकडलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घाला असा हुकूम आला तो त्याने पाळलाच नाही. मला टोलर आवडतो तो इथं.

मेच्या सुरुवातीला सरकारी फौजा शहरात घुसल्या, टोलरच्या डोक्यावर १०,००० मार्कांचं इनाम लागलं. श्वाबिंगमध्ये व्हेर्नेकश्ट्रासंवर एक छोटासा टुमदार राजवाडा आहे, तिथं एका चित्रकाराकडे तो लपला होता. केस लाल रंगवलेले, आणि वॉलपेपर चिकटवून झाकलेल्या दाराआड तो उभा. ४ जूनला पोलिसांनी शोधलाच. मी रस्त्यावरूनच खिडक्या मोजत बसले, कुठली खोली असेल ते काही कळत नाही. खटल्यात नामवंत समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने त्याच्या बाजूने साक्ष दिली, जीव वाचला, पाच वर्षांच्या कैदेवर निभावलं.

ती त्याने पूर्ण भोगली. म्हणजे बघा, १९२४ मध्ये हिटलरलाही याच बव्हेरियात पाच वर्षांचीच शिक्षा झाली आणि तो त्याच वर्षी डिसेंबरात बाहेर! टोलरची नाटकं बर्लिनमध्ये गाजत होती, माफी देऊ केली तर हा म्हणतो बाकीच्या कैद्यांना नाही तर मलाही नको. ‘मासे मेन्श’, ‘हिंकेमान’ ही नाटकं त्याने तुरुंगातच लिहिली, प्रयोग मात्र दुसऱ्यांनी बघितले. सत्तेवर असताना हातून जे घडलं त्याचीच टोचणी या नाटकांत आहे असं मला वाटतं, क्रांतीसाठी माणूस मारायचा का हा प्रश्न तो सोडतच नाही. कोठडीत पाकोळ्यांनी घरटं केलं त्यावर कविता लिहिल्या, तर तुरुंगवाल्यांनी पुढच्या वर्षी घरटी पाडली. एवढा राग पाखरांवर!

सुटल्यावर १९२७ मध्ये ब्रसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेत त्याची नेहरूंशी ओळख झाली, पुढे पत्रव्यवहारही होता. १९३३ ला नाझींनी पुस्तकं जाळली, देश सुटला, आणि २२ मे १९३९ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्याने गळफास घेतला.

टोलरने शिक्षा भोगली तो निडरश्योननफेल्डचा तुरुंग अजून चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. डाखाऊला मात्र जा, एस-टू लोकलने. स्टेशनबाहेर सगळे छळछावणीच्या ७२६ नंबरच्या बसला रांग लावतात, ती तर बघाच, पण टोलर जिंकला ते जुनं गाव उलट्या दिशेला टेकडीवर आहे, चढ जरा दमवतो.