छोट्या अंगणात आधी झाड ठरवावे, मग झुडपे

पुण्यासारख्या शहरात घराभोवती फुलांची बाग करायची ठरली, की बहुतेक जण आधी रोपवाटिकेतून जास्वंद, तगर, एक्झोरा अशी फुललेली झुडपे आणतात आणि झाडाचा विचार उरलेल्या जागेपुरता करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. अंगणात पुढची अनेक वर्षे ऊन कोठे पडेल आणि सावली कोठे राहील, हे झाडच ठरवते आणि त्या उन्हावरच झुडपांचे फुलणे अवलंबून असते. मोगरा व जास्वंद यांना दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत ती जगतात, पानांनी भरतात, पण फुले तुरळक येतात. अनंत आणि तगर अर्धवट सावली बऱ्यापैकी सोसतात.

झाडांमध्ये माझा जीव तामणावर आहे. महाराष्ट्राचे हे राज्यफूल ऐन उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी असे बहरते, की पाहणाऱ्याचे पाय थबकावेत. मात्र तामण मूळचे नदी-ओढ्याकाठचे असल्यामुळे त्याला ओल लागते; उन्हाळ्यात पाणी घालण्याची तयारी नसेल, तर बहावा लावावा. तो सावकाश वाढतो आणि फुलायला काही वर्षे घेतो, पण एकदा रुजला की कोरड्या जमिनीतही तग धरतो. गुलमोहराबाबत मात्र मी ठाम आहे. मादागास्करहून आलेले हे झाड रस्त्याच्या कडेला कितीही देखणे दिसले, तरी त्याची मुळे उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वादळी पावसात फांद्या कोसळतात. म्हणून घराच्या भिंतीजवळ ते लावू नये. उंच वाढणाऱ्या बुचालाही हाच आक्षेप लागू आहे.

झाडाची जागा चुकली, तर ती सहज बदलता येत नाही, ही बाब रोप हातात असताना सहसा लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते आणि ते योग्यच आहे. झुडूप लहान असेपर्यंत पावसाळ्यात मुळांभोवतीच्या मातीसह उचलून दुसरीकडे लावता येते. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून छाटणीने तिचे नुकसान होत नाही, उलट फुले वाढतात. मोगऱ्याची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस केली, की उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. कण्हेर काटक आहे, पण तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी मी ती सुचवत नाही.

मोठ्या झाडाला जागाच नसेल, तर पारिजातक किंवा पांढरा चाफा लावावा. चाफा हिवाळ्यात पाने गाळतो, त्यामुळे थंडीतले हवेसे ऊन घरात येत राहते. पारिजातकाचा बहर ओसरल्यावर दरवर्षी छाटणी केली, तर तो झुडपाएवढाच ठेवता येतो. फक्त त्याच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. काळ्या चिकण जमिनीत खड्डा भरताना मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे आणि रोप थोड्या उंचवट्यावर लावावे.