बीटलचं इंजिन तापतं तेव्हा आधी पत्रे आणि रबर बघा

जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे असतं आणि पाण्यानं नाही, हवेनं थंड होतं. ते तापायला लागलं की बहुतेकांचा हात आधी भलतीकडेच जातो. मागचं झाकण टेकू देऊन अर्धवट उघडं ठेवायचं, जादा इलेक्ट्रिक फॅन बसवायचा, मोठा ऑइल कूलर शोधायचा. हे सगळं करण्याआधी एवढंच बघा, की फॅनला थंड हवा मिळतेय की इंजिनानं खाली टाकलेली गरम हवाच तो पुन्हा ओढतोय.

मागच्या काचेखालच्या फटींमधून हवा इंजिनखान्यात येते. फॅन ती ओढून श्राउडमध्ये, म्हणजे फॅनभोवतीच्या पत्र्याच्या खोक्यात दाबतो, तिथून ती सिलिंडर आणि त्यांच्यावरच्या हेडच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पात्यांमधून, खाली उतरते आणि गाडीखाली बाहेर पडते. इंजिनाभोवतीचा पत्रा ही या दोन हवांमधली भिंत आहे. वरच्या कप्प्यातून फॅन सतत हवा खेचत असल्यामुळे तिथला दाब किंचित कमी असतो, त्यामुळे पत्र्यात कुठेही फट राहिली की खालची तापलेली हवा आपोआप वर येते. झाकण खालून उघडं ठेवलं तर तेच होतं: ती फट नेमकी सायलेन्सरच्या डोक्यावर येते.

फटी शोधायला रात्रीची वेळ चांगली. इंजिन थंड आणि बंद असताना गाडीखाली एक दिवा ठेवा, झाकण उघडा आणि वरून बघा. जिथे जिथे उजेड दिसेल तिथून गरम हवा वर येते. बॉडी आणि पत्र्याच्या मधलं रबर सील सगळ्यात आधी दगावतं. कडक होतं, तडकतं, कोपऱ्यात खाचेतून निसटतं. इंजिन उतरवलेलं असेल तेव्हाच ते नवीन बसवून घ्या, कारण पुढच्या बाजूची पट्टी इंजिन जागेवर असताना नीट बसत नाही. मग स्पार्क प्लगच्या वायरींवरची चार रबरी टोपणं पाहा. एकही गायब नको. किरकोळ वाटतं, पण प्रत्येक भोकातून श्राउडमधली दाबाखालची हवा हेडला न लागता निसटून जाते.

उष्ण प्रदेशात हीटर नको म्हणून पुष्कळ जण हीटरची हवा तापवणारे हीट एक्स्चेंजर काढून साधे पाइप लावतात. तसं केलं असेल तर श्राउडला हीटरसाठी असलेली दोन्ही तोंडं बंद करायलाच हवीत. ती उघडी राहिली तर इंजिनाच्या वाट्याची बरीच हवा फुकट जाते. मागच्या पत्र्यातली होजची भोकंही बुजवा, नाहीतर सायलेन्सरची धग तिथून थेट वर येते.

1971 पासून ऑइल कूलर श्राउडच्या बाहेर, वेगळ्या डब्यात गेला. त्याआधी तो डाव्या बाजूला हवेच्या वाटेतच उभा असे आणि त्याच्यामागचा 3 नंबरचा सिलिंडर नेहमी जास्त तापे. हा बदल फार मोलाचा आहे, पण त्याच्यासोबत कूलरची गरम हवा खाली नेणारे छोटे पत्र्याचे तुकडे येतात आणि बाजारातल्या नव्या श्राउडबरोबर ते अनेकदा मिळत नाहीत. ते नसले तर कूलरमधून निघालेली हवा इंजिनखान्यातच परत येते. श्राउड घेताना हे तुकडे आहेत का, ते आवर्जून विचारा.

इंजिन उघडलेलंच असेल तर दोन कामं उरकून घ्या. पहिलं, सिलिंडरच्या खाली बसणारे डिफ्लेक्टर पत्रे. ते हवेला सिलिंडरच्या खालच्या अंगाला चिकटून फिरवतात. ते नसले तर हवा सरळ खाली पडते आणि सिलिंडरची एक बाजू कोरडीच तापते. दुसरं, हेडच्या फिन्स. ओतीव कामात राहिलेला जादा धातू फिन्समधल्या वाटा अडवतो. नव्या हेडमध्येही हे आढळतं. हेड उजेडासमोर धरा, फिन्समधून आरपार दिसायला हवं. नाही दिसलं तर लांब ड्रिल बिटनं हळूहळू मोकळं करा आणि कानशीनं साफ करा. फिनच्या मुळाशी धातू कुरतडू नका.

इंजिन तापेपर्यंत श्राउडमधल्या झडपा बंद ठेवणारा थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय मला अजिबात पटत नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि थंड इंजिन जास्त झिजतं. शिवाय अनेक जण त्यासोबत श्राउडमधल्या झडपाही काढतात. त्या दोन्ही बाजूंना हवा योग्य वाटायचंही काम करतात. थर्मोस्टॅट तपासायला तो गरम पाण्यात बुडवा. 65 ते 70 अंशांवर त्याची लांबी निदान 46 मिमी व्हायला हवी. तो बाद झाला तर झडपा उघड्या राहतात, म्हणजे त्याच्यामुळे इंजिन तापण्याची भीती नसते.

फॅन इंजिनपेक्षा जवळपास पावणेदोन पट वेगानं फिरतो, तोही एकाच बेल्टवर; हाच बेल्ट जनरेटरही फिरवतो. बेल्ट अंगठ्यानं दाबला तर सुमारे 15 मिमी दबावा. ताण बदलायला जनरेटरच्या पुलीच्या दोन भागांमधल्या चकत्या कमी-जास्त करतात. पुलीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवून 21 मिमीचा नट सोडवा. बेल्ट सैल असेल तर मधली एक चकती काढा. पुलीचे भाग जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि ताणला जातो. काढलेली चकती नटाखाली बाहेरच्या बाजूला लावून ठेवा, पुढे लागते. क्रँकशाफ्टवर छोट्या आकाराची ‘पॉवर पुली’ मात्र बसवू नका, ती फॅनचा वेग कमी करते.

हवा नीट करूनही इंजिन तापत असेल तर ठिणगीचं टायमिंग, पेट्रोल-हवेचं पातळ मिश्रण आणि व्हॉल्व्ह बघा. थंड इंजिनावर व्हॉल्व्हचा गॅप 0.15 मिमी. तेल साधारण अडीच लिटर, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरू नका.

आणि डॅशबोर्डवरचा जनरेटरचा लाल दिवा लागला तर घाटात असाल तरी लगेच बाजूला थांबा. पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीत हा दिवा म्हणजे अनेकदा बॅटरी चार्ज होत नाही एवढंच. बीटलमध्ये बेल्ट तुटला की फॅनच थांबतो. एक जादा बेल्ट, 21 मिमीचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर गाडीत कायम ठेवा.