प्रश्न काढायची माझी पाळी

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठराव झाला: फॉरवर्ड बंद. गुलाबाची फुलं बंद, 'शुभ सकाळ' बंद, नवरा-बायकोचे शिळे विनोद बंद. टाकायचं तर स्वतःचं टाका. मग काय, ग्रुपवर सुतकी शांतता. शेवटी टोरांटोने कंटाळून एक प्रश्न टाकला, ठाण्याने त्याला तिरकं उत्तर दिलं, आणि त्यातून आमची रविवारची क्विझ सुरू झाली.

(आमच्यात माणसाला नावाने नाही, राहत्या ठिकाणाने हाक मारतात. टोरांटो, ठाणे, मांजलपूर, कारेलीबाग. मी दांडिया बाजार. सगळे बडोद्याचेच, एकाच वर्गातले.)

पद्धत साधी आहे. रविवारी रात्री साडेनऊला गूगल मीट. टोरांटोला तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात, हिवाळ्यात अकरा, म्हणजे तो कायम जेवणाच्या घाईत. फुकटच्या मीटला तासाची मर्यादा, त्यामुळे बारा प्रश्न आणि मधेमधे विनोद, एवढंच मावतं. प्रश्न पाळीपाळीने एकाने काढायचे, विनोद बाकीच्यांनी आणायचे. उत्तर ग्रुपवर लिहायचं नाही, ज्याची पाळी त्याला खाजगीत पाठवायचं. हा शेवटचा नियम ठरेपर्यंत भांडणं झाली. पोल टाकून पाहिला, तर पोलमध्ये मत बदलता येतं. लोक बहुमत बघून पक्ष बदलायला लागले. ग्रुपवर लिहायला सांगितलं, तर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटं दुरुस्त करता येतो. दुरुस्ती केल्याची खूण खाली दिसते, पण मांजलपूर पेशाने वकील. "फक्त वेलांटी सुधारली" या मुद्द्यावर तो वरच्या कोर्टात जाईल.

माझी पाळी आली तेव्हा मी विषय घेतला बडोदा. घरचाच विषय. पण बडोद्यावर प्रश्न काढताना एक अडचण असते, तिचं नाव सयाजीराव. १८९० चं कलाभवन कोणाचं? सयाजीरावांचं. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण कोणी आणलं? सयाजीरावांनी. १९०८ ची बँक ऑफ बडोदा? तेच. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते कोणाच्या शिष्यवृत्तीवर? अरविंद घोष १८९३ ते १९०६ कोणाच्या संस्थानात नोकरीला होते? मांजलपूर म्हणतो, बडोद्याच्या क्विझमध्ये झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं तर तो 'सयाजीराव' म्हणतो, आणि निम्म्या वेळा त्याला मार्क द्यावे लागतात. म्हणून आमच्याकडे आता नियमच आहे: एका क्विझमध्ये महाराज उत्तरात एकदाच.

प्रश्न सापडणं अवघड नसतं. तो विचारण्याजोगा करणं, हे काम. माझ्या वहीतला एक मूळ प्रश्न असा होता: 'विजय हजारे आणि गुल महंमद यांनी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात किती धावांची भागीदारी केली?' उत्तर ५७७. माहिती अस्सल आहे. १९४६-४७ चा हंगाम, सामना बडोद्यातच, हजारे २८८, गुल महंमद ३१९. पण या प्रश्नाचं करायचं काय? ज्याला आकडा पाठ तो सांगणार, बाकीचे छताकडे बघणार. ठाण्याला तर क्रिकेट म्हणजे नवरा जेवायला उशीर करतो ते कारण.

मग मी तो उलटा केला. 'बडोद्यात १९४७ साली दोन फलंदाजांनी भागीदारीचा एक विक्रम केला. तो मोडायला २००६ साल उजाडलं, कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडल्या तेव्हा. बडोद्यातला विक्रम ज्या संघाविरुद्ध झाला तो संघ आता नाही. तो ज्या शहरातला, तिथे सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खातात. संघ कोणता?' आता क्रिकेटवाल्याला संगकाराचा धागा, न-क्रिकेटवाल्याला पोहे-जिलेबीचा. इंदूरपर्यंत पोहोचलं की होळकर यायला वेळ लागत नाही. क्विझवाले अशा प्रश्नाला 'वर्केबल' म्हणतात, म्हणजे माहीत नसलं तरी डोकं चालवून गाठता येणारा. भारतातली पहिली खुली क्विझ नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात घेतली, असं या मंडळींत मानतात. तेव्हापासून त्यांनी सगळं शास्त्रच करून ठेवलंय. आम्ही त्यातलं एवढं एकच उचललं.

डभोईच्या रेल्वेला मात्र हात लावावा लागला नाही. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम नॅरोगेजचे रूळ पडले. गाडीही सुरू झाली. इंजिन तेवढं नव्हतं. मग गाडी कोण ओढायचं? हा प्रश्न जन्मालाच तयार होऊन आलेला.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो लक्ष्मी विलास पॅलेसने. तो बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, हे बडोद्यात पोरंटोरंसुद्धा सांगतात. पाहुणे आले की आम्ही सेव-उसळ नंतर वाढतो, हे आधी सांगतो. आकडेही तयार असतात: लक्ष्मी विलास ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१. इतके नेमके आकडे बघितले की माणूस पुढे विचारत नाही. मी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडला आणि नुसता भागाकार केला. चौपट कसलं, जवळजवळ सदतीसपट आलं. म्हणजे एकाच मेसेजमधल्या दोन वाक्यांचं आपसात पटत नव्हतं.

मग वाटलं, तो मोठा आकडा आला तरी कुठून? एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याने भागलं. उत्तर ७००. पॉइंट नाही, बाकी नाही, चक्क सातशे. राजवाड्याचं आवार सातशे एकरांचं, असं जिथे तिथे छापलेलं असतं: बागा, मोतीबाग, गोल्फचं मैदान, सगळं धरून. कोणीतरी त्या एकरांचे चौरस फूट केले असावेत, आणि नकलेची नक्कल होता होता ते इमारतीच्या नावावर चढले. बकिंगहॅमचा आकडा मात्र आतल्या मजल्यांचा, ७७,००० चौरस मीटरचा. म्हणजे एकाचं शेत मोजलं आणि दुसऱ्याचं माजघर.

हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. सासूबाई भाकरी मोडता मोडता थांबल्या.

"म्हणजे आपला लहान आहे का गं?"

"लहान नाही आई. चौपट असल्याचा हिशेब नाही, एवढंच."

"मग कशाला विचारतेस? माणसं हिरमुसतील."

मी विचारलाच. दोन्ही आकडे दिले, एकर म्हणजे किती तेही दिलं, आणि म्हटलं, 'भागा आणि घोळ शोधा.' त्याबरोबर इमारतीची खरी कथा पदरात टाकली, कारण ती काही कमी नाही: आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ते १८८१ मध्ये वारले, पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं, १८९० मध्ये वाडा पूर्ण झाला. एवढं असताना बकिंगहॅमशी मापं कशाला काढायची, हे माझं मत. मांजलपूरला ते पटलेलं नाही.

आता विनोदांचं. स्वतःचा विनोद आणा म्हटल्यावर सुरुवातीला सगळ्यांची पंचाईत झाली होती. तयार विनोदात बायको, सरदारजी, दारुडा अशी माणसं भाड्याने मिळतात. स्वतःच्या विनोदाला स्वतःचं गाव लागतं. कारेलीबागेला ते आधी उमगलं. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, भर शहरात, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांत शिरल्या होत्या. तेव्हा कोणाला हसू आलं नव्हतं. पण त्या रविवारी ती तिच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाली, "पुरात आमच्या सोसायटीत मगर आली. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, कोणाकडे."

मांजलपूर म्हणाला, "मग? केली सही?"

"सही केली. मोबाईल नंबर द्यायला नाही म्हणाली."

टोरांटोने हसता हसता कॉफी सांडली, कॅमेरा बंद केला, आणि पुढचा प्रश्न त्याच्यासाठी पुन्हा वाचावा लागला. विनोदाचंही प्रश्नासारखंच असतं असं मला वाटतं, शेवटची पायरी ऐकणाऱ्याने चढायची. ठाणे विनोद सांगून वर समजावते, तिथे तिचं गणित फसतं. पण ती उत्तरं देते तेव्हा...

खाजगी उत्तरांची खरी मजा इथेच. प्रश्न काढणाऱ्याच्या मोबाईलवर चुकीच्या उत्तरांची रास जमते, आणि ती नंतर जाहीर वाचून दाखवायचा हक्क त्याचाच. डभोईची गाडी कोण ओढायचं, यावर माझ्याकडे आलेली उत्तरं: टोरांटो, 'घोडे'. कारेलीबाग, 'पुढच्या स्टेशनचा मास्तर'. मांजलपूर, 'प्रतिवादी'. आणि ठाणे, 'कोणी ओढत नव्हतं, प्रवासी आतून ढकलायचे, आमच्याकडे सकाळी आठ-बाराच्या लोकलला अजून तीच पद्धत आहे.' मी ही वाचत असताना माझ्या मागून, स्वयंपाकघरातून, खणखणीत आवाज आला, "बैल गं, बैल! माझ्या आजोळी सगळ्यांना ठाऊक होतं."

"काकू, घरच्यांचं उत्तर धरणार नाही," मांजलपूरने लगेच हरकत घेतली.

"नको धरूस. पण बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. बैलच. त्यानंतर त्या पीठ मळायचं सोडून खुर्ची ओढून शेजारी बसल्या. फैयाज खाँसाहेबांचा प्रश्न आला, 'आफताब-ए-मौसिकी' हा किताब कोणत्या दरबारी गायकाचा, तर ओठ मिटून गप्प राहिल्या खऱ्या, पण चेहऱ्यावर उत्तर असं छापलेलं की ठाण्याने तक्रार केली, कॅमेऱ्यातून फुटतंय म्हणून. मला कॅमेरा भिंतीकडे वळवावा लागला.

होळकरांचा प्रश्न ठाण्याने सोडवला. क्रिकेटमधलं काही न कळता, केवळ जिलेबीच्या वासावर. मला त्या रात्री सगळ्यात बरं वाटलं ते तेव्हा. राजवाड्याच्या प्रश्नावर सातशे सगळ्यांना आलं, घोळ एकट्या टोरांटोने बरोबर पकडला. मांजलपूरने उत्तरात लिहिलं होतं, 'भागाकार मान्य, निष्कर्ष अमान्य.' अर्धा मार्क दिला. आणि पाहुणे आले की तो चौपटच सांगणार आहे, हेही त्याने तिथल्या तिथे नोंदवून ठेवलं.

मीटने तासाची सूचना दिली तेव्हा बारावा प्रश्न उरला होता, तो ग्रुपवर टाकून दिला. हिशेब केला तर ठाणे आणि टोरांटो बरोबरीत. टोरांटोचं म्हणणं, बैल आणि घोडे दोघेही चतुष्पाद, तेव्हा त्यालाही अर्धा मिळावा म्हणजे तो जिंकतो. मी नाही म्हटलं. त्याने अपील केलंय, आणि त्याचा वकील अर्थातच मांजलपूर.

पुढची पाळीही मांजलपूरची. त्याने विषय जाहीर केलाय, 'रावपुरा ते मांडवी, पायी.' आईंनी काल त्याला परस्पर फोन करून स्वतःची वेगळी लिंक मागून घेतली.