फेटलिंग खात्यात चेकलिस्ट घेऊन : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी कारखान्याचा डॉक्टर म्हणून जातो. एमबीबीएसनंतर एएफआयएच हा कामगारांच्या आरोग्याचा अभ्यासक्रम केला, त्यामुळे धूळ, आवाज, शिसं यांची तपासणी कशी करायची ते शिकलो होतो. पण माझ्याकडे सगळ्यात लांब रांग लागायची ती फेटलिंगवाल्यांची. कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागाचे, रनर-रायझर (ओतताना राहिलेले जास्तीचे धातूचे दांडे) तोडून ग्राइंडरने कडा साफ करायच्या, हे त्यांचं काम. माल जमिनीवर, माणूस उकिडवा, हातात वजनदार मशीन. तक्रार कंबर, गुडघे नाहीतर मनगट. "गोळी द्या की डॉक्टर, बाकीचं ऱ्हाऊ दे," एवढंच बोलणं.

मालकांचं उत्तर तयार होतं: "कामच तसलं आहे."

मग मी 'एर्गोनॉमिक चेकपॉइंट्स' हे पुस्तक वाचायला काढलं. एर्गोनॉमिक्स म्हणजे काम आणि कामाची जागा माणसाच्या शरीराला सोसेल अशी करण्याचं शास्त्र. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) आणि इंटरनॅशनल एर्गोनॉमिक्स असोसिएशन (आयईए) यांनी ते मिळून केलं. पहिली आवृत्ती 1996 ची, सुधारित 2010 ची, तिच्यात 132 मुद्दे. प्रत्येक मुद्द्याला चित्र, आणि उपाय शक्यतो कमी खर्चाचे. या कामात पुढे असलेले जपानचे काझुताका कोगी नंतर आयसीओएचचे, म्हणजे व्यवसायजन्य आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे, अध्यक्ष झाले. हा आयोग 1906 साली मिलानमध्ये सुरू झालेला, आयईए 1959 ची. एकीकडे मुख्यतः माझ्यासारखे डॉक्टर, दुसरीकडे कामाची रचना बघणारे. विकसनशील देशांतल्या व्यवसायजन्य आरोग्यसेवेसाठी या दोन्ही संस्थांनी 2010 मध्ये एर्गोनॉमिक्सची मार्गदर्शक तत्त्वंही एकत्र काढली. मला त्यातून एक सोपी गोष्ट मिळाली: कंबर तपासून झाली की टेबलाची उंचीही मोजायची.

सगळे 132 मुद्दे घेऊन फिरायचं नसतं, आपल्या कामाला लागू पडतील तेवढेच निवडायचे. मी आणि सेफ्टी ऑफिसरनी मिळून एका पानात मावेल एवढी यादी मराठीत केली. या तक्त्यात चूक-बरोबर असे रकाने नाहीत. प्रश्न एकच, इथे उपाय सुचवता का? नको, हो, किंवा आधी हेच करा. दोष कोणाचा हे कुठेच लिहायचं नसल्यामुळे सुपरवायझरही बरोबर फिरायला तयार झाले. खरी मेख तिथेच आहे, असं माझं मत.

पहिली अडचण मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. फेटलिंगचं काम ठेक्याचं, पैसे नगावर. कामगारांना चर्चेत घ्या असं आंतरराष्ट्रीय दस्तऐवज फार सहज सांगतात, पण तासभर बोलायला बसलं की तेवढे नग बुडतात. त्या वेळेची भरपाई मालकांनी मान्य केली, तेव्हाच लोक मोकळेपणाने बोलले. दुसरी भीती माझ्याबद्दलची. एक जुने मामा म्हणाले, "कंबर दुखती म्हणून लिवलं तर उद्या कामावर घेतील का?" आयसीओएचची नीतिसंहिता 1992 पासून आहे आणि वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेबद्दल ती स्पष्ट आहे. संहितेचं नाव न घेता मी मामांना एवढंच सांगितलं की तक्त्यावर माणसाचं नाव नसेल, फक्त जागेचं असेल.

'आधी हेच करा' या रकान्यात सगळ्यांच्या खुणा एकाच जागी पडल्या: माल जमिनीवरून वर घ्या.

मेंटेनन्सने पडीक लोखंडी चॅनेल जोडून टेबल केलं. जोर लावायचं काम, म्हणून उंची कोपरापेक्षा थोडी खाली धरली. कास्टिंग सरकू नये म्हणून वर जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा ठोकला, ही मामांची कल्पना. बुटक्या माणसासाठी पायाखाली फळी. पहिल्या आठवड्यात नग कमी निघाले आणि दोघं परत जमिनीवर बसले. हात बसल्यावर ते आपणच उभे राहिले. टेबलापर्यंत माल न्यायला चाकाची ट्रॉली आली, पण ती फिरेना, कारण वाटेत रद्दी कास्टिंगचा ढीग. वाटा मोकळ्या करून आखून घ्या, हा पुस्तकातला अगदी पहिला मुद्दा, आणि आम्ही तो यादीतून गाळला होता! तो परत घेतला, वाट साफ करून पिवळे पट्टे मारले.

कंबरेच्या तक्रारी आता कमी येतात. किती कमी, हे सांगायला नोंदी अजून अपुऱ्या आहेत. हाताला मुंग्या येण्याची तक्रार तशीच आहे, कारण ग्राइंडरचा हादरा टेबलाने जात नाही. ग्राइंडरची झिजलेली चाकं (व्हील) वेळेवर बदलणं आणि एकाच माणसाला दिवसभर ग्राइंडिंगवर न ठेवणं, हे दोन मुद्दे पुढच्या तक्त्यात वर घेतलेत. पहिल्याला मालकांचा होकार आहे. दुसऱ्यावर ठेकेदाराशी बोलणं चालू आहे.