ब्रशवाल्या वॉशिंगनं गाडीला ओरखडे पडतात का? माझे 23 दिवस

काळी गाडी घेऊ नको असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. सासऱ्यांनी सांगितलं, कंपनीतल्या पोरांनी सांगितलं, शोरूमवाला पण हळूच म्हणला सर पांढरी लवकर मिळंल. मी काळीच घेतली. त्यामुळं पुढं जे झालं त्यात थोडी चूक माझी आहे हे आधीच कबूल करून टाकतो, नंतर कुणी ऐकवायला नको.

दुसरी फ्री सर्व्हिस होती. सकाळी वाळूजला (औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची एमआयडीसी) ड्यूटीवर जाता जाता गाडी टाकली, संध्याकाळी घ्यायला गेलो. ऑइल बिइल सगळं झालं होतं, त्यात काही सांगण्यासारखं नाही. वॉशिंग तेवढं बाकी होतं आणि मी काचेमागून बघत बसलो, कारण नवीन ऑटोमॅटिक मशीन बसवलेलं आणि खरं सांगतो मला पण हौस होती. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातनं एकदा आलं तरी देव पावला असं वाटतं, बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरा थर बसतो, मग घरी पाइप लावून गाडी कोण धुणार? माझ्या आधी एक बोलेरो आत गेली, सरळ शेतातून आलेली, दारापर्यंत काळ्या मातीचा चिखल. तिला आधी प्रेशरच्या पाण्यानं धुवायला पाहिजे होतं. पोरगं म्हणालं टँकर आला नाही म्हणून प्रेशरचा पंप बंद आहे. मशीनचं पाणी टाकीतून परत परत वापरतात त्यामुळं ते चालू होतं. त्याच ब्रशनं बोलेरो घासली आणि त्याच ब्रशखाली लगेच माझी. मी बघत होतो, मला कळत पण होतं, तरी बोललो नाही. लाज वाटली म्हणा ना, एवढ्या माणसांत थांबवा थांबवा कोण ओरडणार.

रविवारी सकाळी ऊन वर आलं आणि बोनेटवर सूर्य जिथं चमकत होता त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं. गोल गोल बारीक रेघा, शेकड्यानं. सावलीत गाडी चकाचक आणि उन्हात बघवंना.

इथून पुढं सगळा ताप. सोमवारी गेलो. सर्व्हिस ॲडव्हायझर बघून म्हणला सर हे तर आधीपासूनच होतं, आणि टॅबवर माझं जॉब कार्ड, म्हणजे गाडी टाकताना भरतात तो फॉर्म, काढून दाखवलं. त्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र असतं ना, त्याच्याखाली लिहिलेलं, मायनर स्क्रॅचेस ऑल ओव्हर, म्हणजे सगळीकडं बारीक ओरखडे. खाली माझी सही, बोटानं केलेली. आता गाडी टाकताना घाईत कोण वाचतं, तो म्हणतो सर इथं बोट फिरवा, आपण फिरवतो. (म्हणून गाडी टाकताना मोबाईलवर चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ॲडव्हायझर समोर उभा असतानाच काढा. मी काढला नव्हता.) सीसीटीव्ही दाखवा म्हणलं तर ते वर्क्स मॅनेजरच्या परवानगीनं, आणि वर्क्स मॅनेजर रजेवर. कधी येणार? सर लग्न आहे त्यांच्या घरी. मंगळवारी फोन, उचलला नाही. बुधवारी कस्टमर केअरला तक्रार टाकली, नंबर मिळाला, बरं वाटलं. शुक्रवारी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कुणाचं समाधान, कुठलं निराकरण? परत टाकली, परत चार दिवसात बंद. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा फोनवरची मुलगी म्हणाली सर डीलरनं कळवलंय की कस्टमर कन्व्हिन्स झाले. मी ड्यूटीवर होतो, लाइनवर, आजूबाजूला मशीनचा आवाज, तरी एवढ्या जोरात बोललो की सुपरवायझर वळून बघायला लागला.

अकराव्या दिवशी मॅनेजर भेटले. माणूस गोड, चहा पाजला. मग त्यांनी मला शिकवलं. म्हणे सर आमचे ब्रश सरळ दांड्यावर फिरतात, तुमच्या रेघा बघा गोल आहेत, गोल म्हणजे हातानं पुसल्याच्या. घरी कोण पुसतं? आणि इथं मी गप्प झालो, कारण घरी अण्णा पुसतात. रोज सकाळी साडेसहाला, कोरड्या फडक्यानं, गोल गोल, देवघर पुसल्यासारखं. मॅनेजरनं माझं तोंड बघूनच ओळखलं असणार. वरून 18 हजाराचं सिरॅमिक कोटिंगचं (रंगावर चढवायचा कडक पारदर्शक थर) कोटेशन हातात दिलं, 9एच सर, दगडासारखं. घरी येऊन बघितलं तर ते 9एच म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाचं माप, दगडधोंड्याचा कडकपणा ज्यानं मोजतात त्या 1 ते 10 च्या मोह्स मापाशी त्याचा संबंध नाही. धुळीत वाळूचे जे बारीक कण असतात ते क्वार्ट्झचे, मोह्सवर 7, काचेपेक्षा कडक. ते रगडले तर कोटिंगवर पण रेघा उठतातच, थोड्या कमी.

आठवडाभर मी अण्णांवर चिडून होतो हे पण लिहितो. जेवताना बोललो त्यांना. ते काही म्हणले नाहीत, फक्त दोन दिवस गाडी पुसली नाही, आणि गाडीवर एवढी धूळ बसली की मलाच वाईट वाटलं.

मग कंपनीतल्या एकानं बीड बायपासला एक डिटेलिंगवालं, म्हणजे गाडीचा रंग पॉलिश करून देणारं, पोरगं सांगितलं. छोटं गॅरेज, आत ट्यूबलाइटी लावलेल्या. मी मॅनेजरचं ऐकवलं, गोल रेघा म्हणजे हाताच्या. ते हसलंच. मोबाईलचा टॉर्च लावून बोनेटवर धरला आणि हळूहळू बाजूला नेला. "भाई, ये गोला टॉर्च के साथ चलरा, देखो." खरंच की! टॉर्च जिकडं जाईल तिकडं ते गोल जाळं सरकत होतं. म्हणजे रेघा गोल नसतातच, सगळ्या दिशांनी आडव्यातिडव्या असतात, पण उजेडाच्या ठिपक्याभोवती ज्या रेघा त्याला वळसा घालून पडल्यात तेवढ्याच चमकतात, बाकीच्या दिसत नाहीत, म्हणून डोळ्याला गोल वाटतं. एवढे दिवस मी त्या गोलावरून भांडलो आणि गोल नव्हताच कुठं.

मग त्यानं दारं दाखवली. बाजूचे ब्रश उभ्या दांड्यावर फिरतात, त्यांची ओढ आडवी. माझ्या उजव्या बाजूला पुढच्या दारावर जमिनीपासून ज्या उंचीला आडव्या रेघांचा पट्टा होता, अगदी त्याच उंचीला मागच्या दारावर, मधली फट ओलांडून. हातानं पुसणारा माणूस असा फूटपट्टी लावल्यासारखा पुसत नाही. हे ब्रशचंच. आणि बोनेट? तिथं टॉर्च फिरवत ते म्हणालं दोनो है भाई, घर का भी है. दोन्ही. म्हणजे मॅनेजर निम्मे खरे होते, आणि ते मला आजपण पचत नाही.

त्याच्याकडं रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. बोनेटवर 110 च्या आसपास मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छतावर तेवढंच, डाव्या मागच्या दारावर 230, कारण तिथं गेल्या वर्षी क्रांती चौकात रिक्षा घासली होती आणि दार रंगवून घेतलेलं. पत्र्यावरचे सगळे थर मिळून कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट चाळीस-पन्नास, माणसाच्या केसापेक्षा बारीक. वॉशिंगच्या रेघा त्या क्लिअर कोटच्या पण वरवरच्या भागात असतात. नख फिरवून बघा, नख अडकलं तर खोल आहे, नाही अडकलं तर पॉलिशनं जातं. माझं कुठंच अडकलं नाही. गाडीचा सत्यानाश झाला असं मी घरात सांगत फिरत होतो तसं काही नव्हतं, पण पॉलिश म्हणजे सुद्धा दोन-चार मायक्रॉन घासूनच काढायचे, ते परत येत नाहीत. दर दिवाळीला मशीन पॉलिश मारून घेणारे लोक आहेत, त्यांना कुणीतरी सांगा.

सतराव्या दिवशी परत सर्व्हिस सेंटरला. यावेळी टॉर्च घेऊन गेलो. मॅनेजरना बाहेर बोलावलं, टॉर्च फिरवला, दाराचा पट्टा दाखवला. ते बघत राहिले, मग म्हणले जॉब कार्डवर तुमची सही आहे सर. तेवढ्यात माझ्या बाजूच्या टेबलावर एका बाईंची गाडी घेणं चालू होतं, नवीकोरी, पहिल्या सर्व्हिसला आलेली, सीटची प्लास्टिकं पण काढलेली नव्हती. टॅबवर काय? मायनर स्क्रॅचेस ऑल ओव्हर. आधीच टिक केलेलं! मी त्या बाईंना म्हणलं ताई जरा वाचा तुमच्या गाडीबद्दल काय लिहिलंय, आणि त्या माझ्यापेक्षा लई भारी निघाल्या. ज्या शहरात 2010 साली लोकांनी मिळून एका झटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या तिथं गिऱ्हाइकाला सही करताना वाचता येत नाही असं समजू नका, असं म्हणाल्या. मी फक्त उभा होतो.

खरं काम मात्र वेगळ्याच गोष्टीनं झालं. सर्व्हिसनंतर कंपनीचा फीडबॅक कॉल येतो आणि ॲडव्हायझर हात जोडून म्हणतो सर दहापैकी दहा द्या. मला तो कॉल अजून आला नव्हता, तक्रार उघडी-बंद होत होती म्हणून असेल. ॲडव्हायझर मागं मागं आला, सर कॉल आला तर काय सांगणार? मी म्हणलं जे झालं ते. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, सर बोनेट आणि उजवी बाजू फ्रीमध्ये पॉलिश करून देतो. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. छताचं ते नाही म्हणले, ते मी बीड बायपासच्या पोराकडून पैसे देऊन केलं, आणि खरं सांगायचं तर छत जास्त चांगलं झालंय.

तेविसाव्या दिवशी गाडी घरी. ऑटोमॅटिकमध्ये परत टाकणार का? ब्रशवाल्यात नाही, काळी गाडी असेपर्यंत तरी नाही. ब्रश नसलेलं फक्त फेस आणि प्रेशरचं असेल तर चालतं, त्यात घासाघाशी नाही, पण त्यांचा साबण कडक असतो, वॅक्स लवकर उतरतं, आणि चिकटलेला चिखल कधी कधी तसाच राहतो. पांढरी गाडी असणाऱ्यांनी एवढं डोक्याला लावून घेऊ नका, रेघा तुमच्यावर पण पडतात पण दिसत नाहीत. ब्रशमध्येच टाकायची असंल तर आधी प्रेशरनं धूळ काढतात का ते विचारा आणि पुढं कुठली गाडी गेली ते बघा. हां, आणि बोअरच्या पाण्यानं धुतली की उन्हात वाळू देऊ नका, लगेच मऊ मायक्रोफायबरनं टिपून घ्या, ते पांढरे डाग एकदा धरले की नुसत्या धुण्यानं जात नाहीत. कपडे धुवायची पावडर तर नकोच, तिनं वॅक्स पार निघून जातं.

अण्णांचं राहिलं. मी मायक्रोफायबर आणून दिलं, सांगितलं कोरडं पुसायचं नाही, आधी अर्धी बादली पाणी वरून ओतायचं, धूळ खाली गेली की मग टिपायचं. त्यांनी बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एवढ्या पाण्यात आपली तुळस आठवडाभर निघती," म्हणले, आणि बादली घेऊन तुळशीकडं गेले.