दातलीचं रिंगण

सिन्नर मागे पडलं तेव्हा टाचेला फोड आला होता आणि मुलाचा तिसरा फोन येऊन गेला होता. "आई, दातलीला गाडी घेऊन येतो. रिंगण बघ आणि घरी चल." घरी म्हणजे कुठे? गोदाघाटाजवळचा आमचा वाडा पाडायला द्यायचा ठरलं होतं, कागदांवर फक्त माझी सही राहिली होती. दोन वर्षं मी ती टाळली. त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघाले, तीही सही टाळायलाच.

चालताना नाथांचाच विचार येई. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. मग सासवडला सोपानदेव, मग तापीकाठी मुक्ताबाई. तिन्ही धाकटी गेली आणि 1297 मध्ये थोरल्यानं ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी देह ठेवला. वर्षभरात इतकं हातातून सुटलं त्या भावाला! त्याच्याच मागून आम्ही चालत होतो.

दातलीच्या मैदानात आधी पताकावाले धावले, मग तुळशीवाल्या, विणेकरी. मग अश्व सुटला. जमीन थरारली, तोंडात माती गेली. टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे धावले, मीही धावले.

मग खेळ सुरू झाले. एका म्हातारीनं फुगडीला हात धरले. वेग वाढला तशा मी घाबरून टाचा रोवल्या, दोघी कोलमडलो. तिनं लुगडं झटकलं. "माउली, पाय रोवले का पडतंच माणूस. अंग मागं टाका, हात घट्ट धरा, फिरू द्या."

पुन्हा धरले. मागे रेलले. पताका, झाडं, आभाळ सगळं गरगरलं. तिचा सुरकुतलेला चेहरा तेवढा समोर स्थिर. पोटात 1969 च्या पुरासारखं कालवलं. मी लहान होते. पुराची खूण असलेल्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते विचारून आजी धान्याचे डबे माडीवर नेत होती. पाणी ओसरल्यावर गाळ उपसून तिनं त्याच ओल्या चुलीवर चहा ठेवला. रडली नाही. त्या घरात मी हे पाहिलं होतं, आणि त्याच घराला कवटाळून बसले होते.

मुलगा आला. कागद दोन वर्षं त्याच्या डिकीतच फिरत होते. बॉनेटवर ठेवून सही केली, टाचेला पट्टी लावून घेतली आणि दिंडीतल्या माझ्या रांगेत जाऊन उभी राहिले. टाळ सुरू झाले होते.